एकशे वीस बाय ऐंशी

त्या मंगळवारी दुपारी पावणेचारला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि पेशंटबरोबर कोण आहे, असं त्यांनी विचारलं. विष्णू बाकावरून उठला. त्याच्या शर्टाच्या खिशात कापडावर खुणा करायचा खडू तसाच होता. सकाळी अकराच्या सुमाराला कारखान्यात काज मशीनवर काम करता करता त्याच्या बायकोचं, मनोरमाचं, डोकं पुढे टेकलं होतं. शेजारच्या शारदाला आधी वाटलं, डुलकी लागली असेल. मग हातातला सदरा खाली पडला तेव्हा तिने विष्णूला हाक मारली.

डॉक्टरीणबाईंनी फार आढेवेढे घेतले नाहीत. डोक्यातली नस फुटली होती, आणलं तेव्हाच रक्तदाबाचा वरचा आकडा दोनशे चाळीस होता, आम्ही करायचं ते केलं, पण त्या राहिल्या नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग कागदावर काहीतरी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं की हे काही एका दिवसात होत नाही, वर्ष-दोन वर्षं बीपी चढलेलं असणार, कधी मोजलं नव्हतं का?

त्यांची मुलगी ऋजुता विजय नगरच्या ऑफिसातून तशीच धावत आली होती. गळ्यात ऑफिसचं कार्ड लटकत होतं. रडत रडतच ती म्हणाली, "मोजलं होतं. फेब्रुवारीत कारखान्यात तपासणी झाली होती. सगळं ठीक निघालं होतं. हो ना, बाबा?"

विष्णूने मान हलवली. हो म्हणून.

बायको गेल्याचं कळून पाच मिनिटंही झाली नव्हती आणि त्याने पहिलं काम केलं ते खोटं बोलण्याचं. पुढे लोक येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवत, धीर धरा मास्टरजी म्हणत, तेव्हा त्याची मान वर होत नसे. लोकांना वाटे, माणूस दुःखाने वाकला. दुःख होतंच. पण मान वर होत नव्हती ती त्यासाठी नव्हे.

फेब्रुवारीत तपासणी झालीच नव्हती.

मल्हारगंजात अशोकजींचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. खाली दुकान, वर लांबलचक खोली, त्यात चौदा मशिनी. विष्णू तिथे कटिंग मास्टर. तेवीस वर्षं झाली. त्याच्या हातातली कात्री चालल्याशिवाय खोलीतली एकही मशीन चालत नाही, कारण शिवायला कापलेलं कापड तर हवं. मनोरमा त्याच्यानंतर चार वर्षांनी आली आणि काज-बटणांवर बसली. दोघं सकाळी बरोबर निघत, पण कारखान्यात शिरलं की ती त्याला बाकीच्या बायांसारखं मास्टरजी म्हणे. घरी मग त्याची नक्कल करी. "कोणती साइझ आहे ते बघून टाका, बाई," असं त्याच्याच आवाजात म्हणून कढईत शेंगदाणे टाकी.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात नवे कामगार कायदे लागू झाले. ऋजुता ज्या ऑफिसात आहे तिथे तिचं कामच माणसांच्या भरतीचं आणि कागदपत्रांचं, त्यामुळे तिला सगळं आधी कळलं. रविवारी घरी आली की ती आईला समजावून सांगे. आता प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यावं लागणार. चाळिशीच्या पुढच्यांची वर्षातून एकदा तपासणी मालकाने करून द्यायची, फुकट. मनोरमा पन्नाशीला टेकलेली. ती म्हणाली, "म्हणजे मी मागायची नाही, त्यांनी द्यायची?" ऋजुता म्हणाली, "हो आई. तुझा हक्क आहे." मनोरमाने हा शब्द नवीन साडीसारखा हातात धरून पाहिला आणि हसली. विष्णू तेव्हा पोहे खात होता. तो म्हणाला, "कायदे तर खूप आहेत."

जानेवारीत खरंच नियुक्तीपत्रं आली. अशोकजींनी कागदपत्रं बघायला एक कन्सल्टंट लावला होता, त्याने सगळी हिंदीतून छापून आणली. एकोणीस वर्षं काम केल्यावर मनोरमाच्या हातात पहिल्यांदा तिच्या नावाचा कागद आला. पद: काज-बटन कारीगर. तिने तो चौकातल्या फोटोकॉपीच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणला आणि देवाच्या फोटोमागे उभा ठेवला. कोणी आलं की काढून दाखवी. सातव्या कलमात वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं लिहिलं होतं. त्यावर बोट ठेवून ती म्हणे, "हे बघा, हे पण आहे."

तिला बरेच दिवस त्रास होता. सकाळी उठली की डोकं धरून बसायची. "डोकं दुखून राहिलंय हो," म्हणायची, बाम चोळायची आणि डबा भरायला लागायची. विष्णूने एकदाही म्हटलं नाही की चल, दाखवून येऊ. तीच म्हणायची, "आता कारखान्यात डॉक्टर येणारच आहे ना, तेव्हा दाखवीन."

फेब्रुवारीत डॉक्टर आला नाही, फॉर्म आले. नऊ फॉर्म, चाळिशीच्या वरच्या नऊ जणांचे. आठ बाया आणि विष्णू स्वतः. अशोकजींनी त्याला खाली दुकानात बोलावलं, चहा मागवला. गणवेशांचा सीझन तोंडावर आलाय, कॅम्प लावला तर अख्खा दिवस मशिनी बंद राहतील, असं म्हणाले. सगळ्या ठणठणीत आहेत, रोज तर बघतो आपण. तुमचं अक्षर चांगलं आहे. खालचा डॉक्टरचा शिक्का कन्सल्टंटचा माणूस मारून आणेल.

"इस साल का निपटा दो, मास्टरजी. अगले साल पक्का कैंप लगाएँगे."

विष्णूला नाही म्हणता आलं असतं. त्याला कोणी धमकावलं नव्हतं. उलट त्याला बरंच वाटलं, की एवढ्या माणसांत मालकाने विश्वासाचं काम आपल्याला दिलं. तेवीस वर्षांत त्याने मालकाला कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो लोकांना अभिमानाने सांगत असे.

वर येऊन त्याने कटिंग टेबलावर फॉर्म पसरले आणि निळ्या पेनने भरायला घेतले. वजन, नाडी, साखर, रक्तदाब. सगळीकडे एकच आकडा दिसला तर शंका येईल, म्हणून त्याने ते कमी-जास्त केले. एकच सदरा बावीस, चोवीस, सव्वीसमध्ये काढताना छाती एवढी, बाही एवढी वाढवत न्यायची, ते त्याच्या हातात बसलेलं होतं. तसंच त्याने इथे केलं. शारदाला एकशे सोळा बाय चौऱ्याहत्तर. जनाबाई वयाने मोठी, अठ्ठावन्नची, म्हणून तिला एकशे अठ्ठावीस बाय चौऱ्याऐंशी. स्वतःला एकशे चोवीस बाय ब्याऐंशी. काम झाल्यावर त्याला ते चांगलं वठल्यासारखं वाटलं.

मनोरमाचा फॉर्म त्याने शेवटी भरला. कन्सल्टंटने सांगितलं होतं की एकशे वीस बाय ऐंशी म्हणजे सगळ्यात उत्तम. तो आकडा त्याने तिच्यासाठी राखून ठेवला होता.

मग एकेकीला बोलावून सह्या घेतल्या. कोणी काही विचारलं नाही, मास्टरजींनी सांगितलं म्हणून केली सही. फक्त जनाबाई म्हणाली, "काय हो विष्णूभाऊ, हात न लावता नाडी बघायला कधी शिकलात?" बाया हसल्या. तोही हसला. मनोरमा आली, तिने फॉर्म वाचला. तिला वाचता येत होतं, नववीपर्यंत शिकली होती ती. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी खरा कॅम्प आहे." तिने सही केली आणि जागेवर जाऊन बसली.

त्या रविवारी ऋजुताचा फोन आला. फोन स्पीकरवर होता आणि विष्णू समोरच जेवत होता. ऋजुताने विचारलं, "आई, तपासणी झाली का? केली ना त्यांनी?"

मनोरमाने एकदा विष्णूकडे बघितलं. त्याने ताटात मान घातली.

"झाली गं," ती म्हणाली. "सगळं ठीक आहे. बीपी तर एकदम एकशे वीस बाय ऐंशी."

फोन ठेवून तिने त्याला आणखी एक पोळी वाढली. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. मुलीसमोर नवऱ्याची पत जाऊ नये म्हणून ती खोटं बोलली, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. त्याने पोळी खाल्ली.

एवढं झालं फेब्रुवारीत. आणि जूनमध्ये ती गेली.

तेराव्याला घरी माणसं होती. जेवणं उरकल्यावर जनाबाई स्वयंपाकघरात भांडी लावत होती, विष्णू पाणी प्यायला आत गेला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली की ऋजुताने मघाशी तिला विचारलं, फेब्रुवारीत कोण डॉक्टर आला होता, कसा होता दिसायला.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, मला आता आठवत नाही, बाबांना विचार." तिने हातातलं पातेलं पालथं घातलं. "मी नाही सांगणार, विष्णूभाऊ. ते तुमचं आहे. तुम्ही सांगा."

ऋजुताने त्याला त्याच संध्याकाळी विचारलं. तिचा हिशोब सरळ होता. फेब्रुवारीत एकशे वीस आणि जूनमध्ये दोनशे चाळीस, हे होऊच शकत नाही असं तिला दोन डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे त्या तपासणीवाल्याने नीट मोजलं नाही. आईला साधी एक गोळी चालू झाली असती तर आई आज घरात असती. ती म्हणाली, "मला पैसे नकोत, बाबा. मला त्या माणसाचं नाव हवंय. तुम्ही फक्त आईच्या फॉर्मची कॉपी आणून द्या."

विष्णूने सांगितलं, मालक देत नाही.

हे दुसरं खोटं. फॉर्मची फाइल कटिंग टेबलाच्या खणात होती आणि खणाची किल्ली त्याच्याच करगोट्याला. पण तो फॉर्म ऋजुताच्या हाती गेला असता तर तिला विचारायचं काही उरलंच नसतं. तिला अक्षरं त्यानेच शिकवली होती. पहिलीत असताना त्याच टेबलाखाली बसून, खडूने, कापडाच्या चिंध्यांवर. एकचा आकडा तो वरून वळण देऊन काढतो, आणि ऋजुताचा एकही तसाच आहे.

पुढच्या रविवारी ती अर्ज टाइप करून घेऊन आली. कामगार विभागाकडे द्यायचा. तिने तो त्याला वाचून दाखवला. माझी पत्नी अमुक कारखान्यात एकोणीस वर्षं कामाला होती, तिच्या वार्षिक तपासणीत संबंधित डॉक्टरने निष्काळजीपणाने चुकीच्या नोंदी केल्या, त्याची चौकशी व्हावी, दोषी व्यक्तीवर कारवाई व्हावी. खाली लिहिलं होतं: अर्जदार, मृताचा पती. आणि सहीसाठी रेघ.

"तुमची सही लागेल, बाबा. मी मुलगी आहे, पण नवऱ्याची असली की वजन पडतं."

विष्णूने चष्मा शोधला. मग चष्मा सापडला तर पेन चालेना. मग म्हणाला, ठेवून जा, नीट वाचून करतो. बापाला अजून सोसत नाही, असं तिला वाटलं. जाताना तिने त्याच्यासाठी दोन दिवसांची भाजी करून ठेवली आणि दारात त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. तो लाकडासारखा उभा राहिला. आपल्याला कोणी असं बिलगावं, एवढीही आपली लायकी नाही, असं त्याला वाटत होतं.

कामाला तो एकविसाव्या दिवशी गेला. काज मशीनवर अजून कोणी बसवलेलं नव्हतं. अशोकजी वर येऊन भेटले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. मग त्यांनी त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की तो फॉर्म आहे तिथेच राहू द्या, त्यात सगळं ठीक लिहिलंय, म्हणजे कारखान्याकडून काही कमी पडलं नाही. "आपके लिए भी वही ठीक है, मास्टरजी. हाथ तो आपका है." ते धमकी देत नव्हते. खरोखर काळजीनेच बोलत होते. आपण आणि मालक आता एकाच बाजूला आहोत, हे विष्णूला त्यातून कळलं.

त्या आठवड्यात गुरुवारी जनाबाई इस्त्रीच्या टेबलाकडून उठली आणि दोन पावलांवर भिंतीला धरून उभी राहिली. शारदाने तिला बसवलं. विष्णू कात्री टाकून धावला. जनाबाईच्या कपाळावर घाम होता, पण जीभ जागेवर होती.

"काही नाही झालं," ती म्हणाली. "घाबरू नका. माझं तर एकशे अठ्ठावीस आहे ना? तुम्हीच लिहिलंय."

खोलीतल्या मशिनी एकेक करून थांबल्या. कोणी हसलं नाही. सगळ्या बाया त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या वाट बघत होत्या, कापड कधी येतं म्हणून रोज बघायच्या तशा.

विष्णू टेबलाकडे परत गेला. निळ्या कापडाचे आठ थर पसरलेले होते, खुणा झाल्या होत्या, फक्त कापायचं राहिलं होतं. त्याने कात्री कापडाच्या पिशवीत घातली, पिशवीची नाडी ओढली आणि खाली गेला.

अशोकजी फोनवर होते. तो उभा राहिला. फोन संपल्यावर त्याने सांगितलं की डॉक्टर येईपर्यंत तो कात्री लावणार नाही. शिक्का नको, डॉक्टर हवा. मशीन घेऊन, सुई घेऊन येणारा. अशोकजी आधी समजावत राहिले, मग चिडले, मग म्हणाले की सीझनची अर्धी डिलिव्हरी बाकी आहे, तुम्हाला आजच सुचलं? विष्णू म्हणाला, "फेब्रुवारीत सुचायला हवं होतं." एवढंच बोलला. वर जाऊन टेबलाजवळ स्टुलावर बसला. दुपारपर्यंत कापलेला माल संपला आणि एकेका मशीनचा आवाज बंद पडला. बाया बसून राहिल्या. शारदाने पिशवीतून शेव-परमलचे मुरमुरे काढले आणि सगळ्यांत वाटले. त्यालाही दिले. ते त्याने टेबलावर तसेच ठेवले.

शनिवारी डॉक्टर आला. तरुण होता, बरोबर एक नर्स होती. कटिंग टेबल साफ करून त्यावरच सगळं मांडलं. आठ जणांना एकेक करून बसवलं. तपासणी संपायला साडेतीन तास लागले. मशिनी साडेतीन तास बंद राहिल्या तरी कारखाना बुडाला नाही.

जनाबाईचं एकशे नव्वद बाय एकशे दहा निघालं. डॉक्टरने दुसऱ्या हाताला पुन्हा मोजलं, तिला तिथेच गोळी दिली आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. शारदाच्या अंगात रक्त कमी होतं. आणखी एकीला साखर निघाली, तिला माहीतच नव्हतं. फेब्रुवारीत लिहिलेला एकही आकडा कोणा बाईच्या जवळपास नव्हता.

शेवटी विष्णू बसला. दंडावरचा पट्टा फुगला, सुटला. डॉक्टर हसून म्हणाला की या वयात असं कमी बघायला मिळतं, अगदी एकशे वीस बाय ऐंशी.

विष्णूने बाही खाली केली. बटण लावता लावता त्याचे हात थांबले. ते बटण मनोरमाने लावलेलं होतं. तो उठला आणि जिन्यात जाऊन बसला. थोड्या वेळाने जनाबाई पर्स घेऊन दवाखान्यात जायला निघाली, तेव्हा ती त्याच्यापाशी थांबली.

"मुलीला सांगितलं?"

"रविवारी सांगतो."

"रविवार उद्याच आहे," ती म्हणाली आणि कठड्याला धरून हळूहळू खाली उतरली.

तो रविवार झाला. ऋजुता आली, तिने घर आवरलं, आईच्या साड्यांची घडी केली. देवाच्या फोटोमागचं नियुक्तीपत्र काढून, आई पदराने पुसायची तसं ओढणीने पुसलं, सातव्या कलमावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई किती खूश होती ना, बाबा, या कागदावर." विष्णूने बोलायला तोंड उघडलं. पण तिने वर बघितलं, आणि त्या बघण्यात एवढा विश्वास होता की त्याने तिला चहा ठेवू का, असं विचारलं. अर्जाची सही झाली का, असं तिने जाताना विचारलं. तो म्हणाला, पुढच्या वेळी.

त्यानंतर आणखी दोन रविवार गेले. जनाबाई आता रोज सकाळी गोळी घेऊन कामावर येते, जिना चढून वर आली की त्याच्याकडे एकदा बघते, आणि त्याच्या तोंडावरून काय ते ओळखून इस्त्रीकडे जाते. विचारत नाही. काज मशीनवर नवी बाई आली आहे. तिला कामाला घेतलं त्या दिवशी तिच्या हातात नियुक्तीपत्र दिलं, आणि विष्णूने तिला सातवं कलम वाचून दाखवलं.

मनोरमाचा फॉर्म त्याने या आठवड्यात खणातून काढून घरी आणला आहे. ऋजुताच्या अर्जाबरोबर तो देवाच्या फोटोमागे, लॅमिनेट केलेल्या कागदाला टेकून उभा आहे. दोन्हींवर धूळ बसू नये म्हणून तो रोज हात फिरवतो. अर्जावर त्याची सही नाही. डॉक्टर आलाच नव्हता, तो आकडा मी लिहिला, हे त्याने ऋजुताला अजून सांगितलेलं नाही.